रवलेलो

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा अवधूत मोंडकर परसात केळीच्या बुंध्याशी उकिडवा बसून नाकातून आलेलं रक्त धूत होता. "तुमचा प्रतिदेह तयार झालाय," त्या म्हणाल्या. "उद्या घरच्यांना घेऊन कुडाळच्या केंद्रात या." तो "येतो" म्हणाला आणि नाक चिमटीत धरून तसाच बसून राहिला. आपण बोटीवर गेलोच नसतो, जन्मभर तांबळडेगलाच राहिलो असतो, तर आज कसे असतो हे उद्या बघायला मिळणार होतं. देवाने अशी भेट आजवर कोणाला घालून दिली नव्हती. का दिली नव्हती, ते अवधूतला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

तांबळडेगच्या खलाशांनी प्रतिदेहाला केव्हाच आपलं नाव देऊन टाकलं होतं: रवलेलो. म्हणजे राहिलेला, न गेलेला. "माजो रवलेलो माज्या आधीच आजारी पडलो, मेलो! बुडालो माजो दावो," असं एखादा मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये कपाळ बडवत सांगायचा, आणि बाकीचे हसायचे. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचे दावे रांगेत असायचे.

बोटीवर आजारी पडलेल्या माणसाने अपंगत्वाची भरपाई मागितली की कंपनीचा पहिला प्रश्न ठरलेला: हा आजार कामामुळेच झाला कशावरून? पूर्वी कंपनीचा डॉक्टर म्हणायचा, आजार माणसाच्या अंगातलाच. खलाशाचा डॉक्टर म्हणायचा, बोटीने दिला. मग दोघांचं भांडण सोडवायला तिसरा डॉक्टर. तिघांचं जमेपर्यंत खलाशी पुष्कळदा वर पोचलेला असायचा. त्या तिसऱ्या डॉक्टरच्या जागी आता हे यंत्र आलं होतं.

नोकरीआधीच्या पहिल्या तपासणीत खलाशाच्या रक्ताचा एक थेंब जाड कागदावर वाळवून जपून ठेवलेला असे. समुद्राचं वारं लागण्यापूर्वीचा थेंब. त्यात माणसाचा सगळा आराखडा असतो, आणि हाडांतल्या मज्जेची त्या दिवसाची खबरही असते. मज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशींची घराणी असतात. कोणी दांडगं, कोणी रोडावलेलं. वय वाढतं तशी ती एकमेकांना रेटतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत हे भाऊबंदकीचं भांडण म्हातारपणापर्यंत निभावून जातं. पण टँकरच्या टाकीतल्या बेंझिनसारखा विषारी वास वर्षानुवर्षं छातीत गेला, तर एखादं वाईट घराणं माजतं आणि बाकीच्यांना उपाशी मारतं. अवधूत टँकरवर पंपमन होता. रिकाम्या टाक्या धुवायला उतरणं हे त्याचं काम. गॅस मोजायचं यंत्र बंद पडलेलं असलं तरी वरून आवाज यायचा, "उतर, वास काय नवीन आहे का तुला?" आता त्याच्या मज्जेत रक्त धड तयार होत नव्हतं. ते त्या वासाने, की नशिबाने, एवढाच दाव्याचा प्रश्न होता.

यंत्र त्या थेंबातून गणितात माणूस वाढवत असे. त्याला गावची हवा देई, विहिरीचं पाणी देई, बांगड्याचं तिखलं आणि भात देई. मज्जा झोपेवर अवलंबून, झोप चिंतेवर, चिंता घरच्या माणसांवर. म्हणून नुसती मज्जा मांडून भागेना. केंद्राची माणसं घरी येऊन विचारून जात: कोण जन्मलं, कोण मेलं, कोणत्या साली छप्पर उडालं. ते सगळं त्या देहावरून वर्षामागून वर्ष जाऊ देत, हजारो वेळा, आणि त्यातून सर्वांत संभाव्य असा एकजण पुढे येई. अख्खा माणूस मांडला की तो बोलायचा थोडाच राहतो? त्याच थेंबातून त्याला चेहरा आला, गळा आला, आवाज आला. दोन्हीकडचे वकील त्याची जबानी घेऊ लागले. दम लागतो का? रात्री घाम येतो का? रवलेलो धडधाकट निघाला तर आजार समुद्राचा. तोही आजारी निघाला तर कंपनी सुटली.

तो जुना थेंब आजच्या रक्ताशी ताडून बघायला मात्र कायद्याने बंदी होती. माणसाची जनुकं बघून कंपन्या भरतीच नाकारायला लागल्या, तेव्हा खलाशांच्या संघटनेनेच भांडून ती आणली होती. चांगल्यासाठीच आणली होती.

दुसऱ्या दिवशी अवधूत, त्याची बायको प्रणिता आणि आई अशी तिघं कुडाळला गेली. आईला सगळं घर आये म्हणायचं. आयेने वाटेत तीनदा विचारलं, "तो आमका वळखतलो मां?" प्रणिता म्हणाली, "आये, ता यंत्र असा." आये म्हणाली, "असांदे. वळखतलो काय नाय ता सांग."

केंद्रातल्या मुलीने त्यांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर त्यांच्याच घराची पडवी होती, अंगण होतं, सकाळची वेळ होती. पडवीच्या सावलीत एक माणूस पाठमोरा बसून जाळं शिवत होता. पन्नाशीला आलेला, खांद्याने रुंद. त्याने वळून बघितलं. कपाळ मोंडकरांचं होतं, पण भुवया दाट, नाकाला पुढे बाक. अवधूतचं नाक सरळ होतं.

माणूस उठला, पायरी उतरून उन्हात आला, डोळे मिचकावले आणि शिंकला. एकदा, दोनदा, तीनदा.

आये खुर्चीवरून उभी राहिली. "सद्या!" ती म्हणाली.

सदानंद हा अवधूतचा धाकटा भाऊ. त्याला वारून अकरा पावसाळे झाले होते.

सावलीतून उन्हात आलं की शिंका येणं ही काही जणांच्या रक्तातलीच खोड असते. आयेच्या बापाला होती, सदूने ती उचलली. पण शिंक म्हणजे अपशकुन, आणि निघताना कोणी शिंकलं की निघणाऱ्याने परत बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच जायचं, हा मोंडकरांच्या घरचा रिवाज. पोचवायला म्हणून सदू अंगणात येई आणि उन्हाने शिंकत सुटे. त्याच्या पायी किती एस्ट्या चुकल्या याला गणती नाही. शेवटी कोणी गावाला निघालं की आये आधी ओरडे, "त्या सद्याक घरात घाला रे!" अवधूत पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हाही सदू शिंकलाच, आणि अवधूतने चरफडत पुन्हा पाट घेतला होता.

सदू गेला तो आषाढातल्या एका सकाळी, मोटरसायकलवरून, कणकवलीच्या रस्त्याला. आभाळ गच्च भरलेलं होतं. ऊनच नव्हतं, म्हणून तो अंगणात शिंकला नाही, म्हणून त्याला कोणी थांबवलं नाही. आये तेव्हापासून एकच वाक्य धरून बसली होती: "त्या दिशी शिंकलो असतो तर वाचलो असतो."

"ह्यो भावजींचोच आवाज," प्रणिता पुटपुटली. पडद्यावरचा माणूस आयेला विचारत होता, "बरी असंस मां गो?" केंद्रातली मुलगी कौतुकाने बघत होती. तिला वाटत होतं, सद्या हे घरातलं लाडाचं नाव, आईला मुलगा ओळखू आला. ती म्हणाली, "हाच अवधूत मोंडकरांचा प्रतिदेह आहे अशी ओळख घरच्यांनी शपथेवर द्यायची असते. पटते ना ओळख?"

"पटता! पटात नाय तर काय!" आये म्हणाली.

"विचार करून सांगतो," अवधूत घाईने म्हणाला. त्याला सगळं आठवलं होतं.

भरतीच्या वेळी त्याला कावीळ होऊन गेली होती. रक्तात ती दिसली असती तर नोकरी गेली होती. मग गावातली पोरं करत तेच दोघा भावांनी केलं. रगात, म्हणजे रक्त, उसनं घेतलं. एक भाऊ नोकरीला, दुसरा तपासणीला. ज्याचं रक्त चांगलं त्याने जायचं; दाढी, शर्ट आणि घाई एवढ्यावर दवाखान्यात निभून जाई. अवधूतच्या चौकड्यांच्या शर्टला आयेनेच इस्त्री केली होती. सदू मुंबईला जाऊन बाहीवर कापूस दाबत परत आला आणि म्हणाला, "तुज्या नावाचा रगात दिलंय. आता तू माज्या नावान एक घड्याळ आण." घड्याळ आणलं होतं अवधूतने. थेंबाचा मात्र त्याला पार विसर पडला होता.

म्हणजे यंत्राने घरी राहिलेला अवधूत मांडलाच नव्हता. सदूच्या रक्तावर अवधूतचं आयुष्य घातलं होतं, आणि रस्त्यावर मेला तो यंत्राच्या लेखी दुसरा भाऊ होता. यंत्राला फक्त रक्त कळतं. म्हणून सदू जगला होता.

वकीलबाई नाझनीन हुर्झुक मूळच्या दाभोळच्या. त्यांचे वडील बोटीवर होते, म्हणून खलाशांचेच दावे घेत. त्याच संध्याकाळी अवधूतने त्यांना फोन करून सगळं सांगून टाकलं. चोराच्या मनात चांदणं. वाट बघण्याची ताकद त्याच्यात नव्हती.

त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. सांगितलंत ते बरं केलंत. दोन्ही खरं आहे."

"मग आता?"

"प्रतिदेह निरोगी निघालाय. मज्जा एकदम स्वच्छ. कंपनीचा वकील घाबरलाय. पण तुमच्या घरच्यांनी ओळखीची शपथ घेतली, तर ती खोटी शपथ होईल, आणि ती मी घेऊ देणार नाही. उलट खरं सांगितलंत, तर भरतीच्या तपासणीत फसवणूक केली म्हणून सगळा हक्क बाद. तुमचा स्वतःचा जुना थेंब तर जगात कुठे नाहीच."

"म्हणजे मला बोटीने आजारी केलं की नाही, ते…"

"ते आता कोणालाच कळणार नाही, अवधूतभाई. तुम्हालाही नाही." मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "टाकीत तुम्ही उतरलात ते खरं. यंत्र बंद होतं ते खरं, त्याला साक्षीदार आहेत. त्यावर मी तडजोड मागते. तडजोडीला शपथ लागत नाही. मिळेल ते कमी मिळेल, पण उपचार होतील. मला थोडा वेळ द्या."

तो वेळच घात करून गेला. दावा चालू असेपर्यंत घरच्यांना आठवड्यातून एकदा प्रतिदेहाशी बोलायचा हक्क होता. चुकलेली माहिती दुरुस्त व्हावी, हा त्यामागचा हेतू. आये माहिती दुरुस्त करायला जाऊ लागली. दर मंगळवारी ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीची वेणी माळून ती कुडाळची एस्टी धरी. अकरा वर्षं जिचे गुडघे दुखत होते ती आये! डब्यात खापरोळ्या नेई, पडद्यासमोर उघडून ठेवी आणि परत आणी. घरी आली की सांगे, "कोथमीर अजून खायना नाय. म्हणता, ढेकणासारको वास येता." सदू हेच म्हणायचा.

त्या खापरोळ्या मग अवधूतच्या पुढ्यात येत. त्याला गिळवत नसत. तोंड सोललेलं असे, हिरड्यांतून रक्त येई. दर पंधरवड्याला गोव्याला जाऊन दुसऱ्यांचं रक्त चढवून घ्यावं लागे. तिथली डॉक्टरीण पहिल्या दिवशी म्हणाली होती, "मज्जाच बदलावी लागेल. सख्खा भाऊ आहे का?" होता, असं त्याने सांगितलं. आता त्याला वाटे, आहे, असं सांगावं. कुडाळला आहे. मज्जा एकदम स्वच्छ आहे.

आणि खरं सांगायचं तर त्याला राग यायचा. आयेचा यायचा. समोर जिवंत मुलगा पांढराफटक पडत चालला होता आणि बाई मेलेल्याला कोथिंबीर आवडत नाही याचं कौतुक करत होती.

एका मंगळवारी आयेला ताप होता. अवधूत एकटाच गेला. केंद्रातल्या मुलीने पडदा लावून दिला आणि ती बाहेर गेली.

पडवीत रवलेलो बसला होता. अवधूतला घाम फुटला. भुताची भीती त्याला कधी वाटली नव्हती. भूत निदान आपलं आपण येतं, याला घरच्यांनीच बोलावून आणलं होतं.

"तू कोण?" अवधूतने विचारलं.

"अवधूत. अवधूत मोंडकर." आवाज सदूचा, थोडा घोगरा, वय झालेला. सदूचं न झालेलं वय.

"तुका ह्यो शिंको कधीपासून?"

तो जाळं शिवायचा थांबला. "तीच तर गंमत असा. माका आठवता ता असा, की शिंकणारो माजो भाव. सदू. मी तेका हसत होतंय. आणि शिंकतंय तर मी." त्याने स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघितले. "आये माका सदू म्हणता. बरा वाटता म्हणान मी पण व्हय म्हणतंय. पण मी सदू, तर मगे अवधूत खय गेलो?"

"बोटीर गेलो," अवधूत म्हणाला. त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

"आणि सदू?"

"तुका म्हायत नाय?"

"म्हायत असा." रवलेलोने मान खाली घातली. "मीच तेका खांदो दिलंय."

केंद्राच्या माणसांना आयेने सदूच्या मरणाची सगळी हकीकत सांगितली होती. घरी राहिलेल्या भावाने ते दुःख भोगलंच असणार, म्हणून यंत्राने तेही त्या देहात घातलं होतं. अवधूत तेव्हा भर समुद्रात होता. बोट एका माणसाच्या भावासाठी माघारी फिरत नाही. कप्तानाने त्याला फोन दिला आणि एक दिवसाची सुट्टी दिली. ती न घेता तो टाकीत उतरला, कारण तिथे रडलेलं वर ऐकू येत नव्हतं. मास्कची काच आतून धुरकटली म्हणून त्याने मास्क काढला होता. पुष्कळ वेळ तो काढूनच ठेवला होता.

"सांग माका," तो म्हणाला. "कसा काय झाला ता सांग."

आणि सदूच्या आवाजाने सदूची अंत्ययात्रा सांगितली. पाऊस थांबेना म्हणून लाकडं शेजारच्या पडवीतून सुकी आणली. एका पायात चप्पल होती, दुसरी सापडली नाही. आयेने हट्टाने ती एकच बरोबर दिली. मनगटावर घड्याळ चालू होतं. काढायला कोणाचा हात होईना, मग मीच काढलं. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. झोपल्यासारखा होता. "तू येवक व्हयो होतंस," रवलेलो म्हणाला, आणि कोणाला म्हणाला ते त्याचं त्यालाही उमगलं नसावं, कारण तो गोंधळून पुन्हा जाळं शिवू लागला.

अवधूत तोंडावर रुमाल धरून रडला. अकरा वर्षांनी त्याचा भाऊ मेला. बाहेर आला तेव्हा रुमाल लाल झाला होता आणि केंद्रातली मुलगी घाबरून पाणी आणायला पळाली.

पुढच्या आठवड्यात दोन फोन एकामागून एक आले. गोव्याहून कळलं की परदेशातल्या एका माणसाची मज्जा अवधूतशी जुळते आहे, पण थांबायला फारसा वेळ नाही. आणि हुर्झुकबाई म्हणाल्या, "कंपनी तडजोडीला तयार आहे. तुमचे उपचार पूर्ण होतील एवढं देतायत. या आठवड्यात अंगठा द्यायचा." मग म्हणाल्या, "दावा मिटला की प्रतिदेह बंद करतात. पुसूनच टाकतात, तसा कायदाच आहे. आईंना तुम्ही सांगा."

आयेने ऐकलं आणि हातातली विळी खाली ठेवली. "नाय," ती म्हणाली.

"आये, हे वाचूचे नाय," प्रणिता म्हणाली.

"कोर्टात चालू दे दावो. चालू दे वर्स दोन वर्सां. तेका अजून जबानी देवची असा." आये अवधूतकडे बघत नव्हती. "एकदा मेलो तेका मी काय करू शकलंय नाय. आता तू माज्या हातान परत मारूक सांगतंस?"

"आये, तो सदू नाय."

"मगे कोण? तूच रगात दिवक लावलंस ना तेका? तेच्याच रगतार तू बोटीर गेलंस, ह्या घर बांधलंस. आता तेचा काम झाला!"

प्रणिता उठून आत गेली. अवधूतला कळत होतं, म्हातारी खोटं बोलत नव्हती. तो एवढंच म्हणाला, "तुज्याशिवाय मी अंगठो देवचंय नाय. तू नको म्हण, मी गप रवतंय." आणि तो खरंच गप्प राहिला. जेवणाच्या ताटावर, औषधाच्या वेळी, सगळीकडे. प्रणिता भिंतीआड रडायची.

मंगळवारी आये कुडाळला गेली ती जाताना ताठ होती. परत आली तेव्हा चप्पल न काढताच पडवीत बसली. डब्यातल्या खापरोळ्या तशाच. पुष्कळ वेळाने तिने अवधूतला हाक मारली.

"तेका सगळा सांगलंय," ती म्हणाली. "तुजा दुखणा, अंगठो, सगळा. माका वाटला तो म्हणतलो, आये, माका सोडू नको."

"काय म्हणालो?"

"म्हणालो, आये, तुजे झील किती? म्हटलंय, दोन, अवधूत आणि सदू. म्हणालो, मगे मंगळवारी एकाकच कित्याक भेटूक येतंस?"

हे यंत्राच्या गणिताने विचारलं की सदूच्या रक्ताने, देव जाणे. आयेने पदराने अवधूतच्या हनुवटीवरचं वाळलेलं रक्त पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसतात तसं खसाखसा. "मेल्या, किती वाळलंस," ती म्हणाली. "माका दिसलाच नाय."

निरोपाच्या दिवशी हुर्झुकबाई स्वतः मुंबईहून आल्या. टेबलावर अंगठ्यासाठी काचेची चौकोनी पट्टी ठेवली होती. अवधूतने अंगठा दिला की दावा मिटणार आणि पडदा रिकामा होणार. केंद्रातली मुलगी आज कोणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हती.

पडवीत रवलेलोने जाळं गुंडाळून ठेवलं होतं. अंगात धुतलेला शर्ट होता. त्याला कोणी काही सांगितलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता, पण तो गावाला निघाल्यासारखा उभा होता.

"कसो असंस रे?" त्याने अवधूतला विचारलं.

"बरो असंय."

"बरो हो." मग तो आयेकडे वळला. "येतंय गो आये."

घरातून निघणारा कधी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं असतं. आयेचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. रवलेलो थोडा वेळ थांबला, पायरी उतरला आणि उन्हात गेला. डोळे मिचकावले. एक शिंक, दुसरी, तिसरी.

"रव!" आये एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "रव जरा! शिंकलंस तू. खय निघालंस? बस आधी."

रवलेलो हसला. सदू असाच हसायचा, पकडला गेल्यासारखा. तो मागे फिरून पायरीवर बसला. पडवीत तांब्या होता, तो त्याने तोंडाला लावला. इकडे प्रणिताने बाटलीतलं पाणी आधी आयेला दिलं, मग अवधूतला. हुर्झुकबाईंनी काही न विचारता आपल्याही पेल्यात ओतून घेतलं. सगळीजण पाणी प्यायली आणि बसून राहिली. आषाढातल्या त्या सकाळी जेवढं बसायचं राहून गेलं होतं, तेवढं बहुतेक ती बसली.

मग आयेने तोंडावरून हात फिरवला. "झाला," ती म्हणाली. "आता जा, बाबू."

जा. जन्मात तिने कोणाला तो शब्द दारात म्हटला नव्हता. रवलेलो उठला, पायऱ्या उतरला आणि अंगणातून माडांच्या दिशेने चालू लागला. आयेने अवधूतचा थंडगार अंगठा आपल्या मुठीत धरला आणि काचेवर टेकवला. तिने तो दाबूनच धरला होता. पडद्यावरचं अंगण गेलं, पडवी गेली, पांढरा उजेड तेवढा राहिला.

हुर्झुकबाईंनी त्यांना दारापर्यंत सोडलं. बाहेर रखरखीत ऊन होतं. प्रणिता अवधूतला धरून पुढे झाली. आये उंबऱ्याच्या आत, सावलीच्या कडेला थांबली आणि कान देऊन उभी राहिली.

"आये, चल," अवधूत म्हणाला.

"येतंय," ती म्हणाली. अजून थोडा वेळ ती तशीच उभी होती. कोणी शिंकलं नाही. मग ती पायरी उतरून उन्हात आली आणि तिने अवधूतचा दुसरा हात धरला.